तीन अधिक चार, चार अधिक तीन

पत्र

नमस्कार डॉक्टर,
माझे बाबा ६९ वर्षांचे आहेत. सदाशिव पेठेतल्या एका शाळेत त्यांनी तीस वर्षं गणित शिकवलं. अजूनही रोज पहाटे पर्वती चढतात. मार्चमध्ये नेहमीच्या तपासणीत पीएसए, म्हणजे रक्तातला प्रोस्टेट ग्रंथीचा आकडा, ८.४ आला. मग एमआरआय आणि त्यानंतर बायोप्सी झाली. बारा तुकड्यांपैकी चारांत प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. कॅन्सर किती आक्रमक आहे हे सांगणारा स्कोअर पहिल्या लॅबने लिहिला, ग्लीसन ३+४=७, ग्रेड ग्रुप २. युरोलॉजिस्ट म्हणाले, लगेच काही न करता काटेकोर लक्ष ठेवणं हाही एक मार्ग आहे. आम्हाला हायसं वाटलं. मावसभावाच्या आग्रहाने त्याच स्लाइड दुसरीकडे दाखवल्या, तर तिथून आलं, ग्लीसन ४+३=७, ग्रेड ग्रुप ३, आणि खाली एक ओळ, ‘पेरिन्यूरल इन्व्हेजन आढळले’. आता युरोलॉजिस्ट म्हणतात की नुसतं लक्ष ठेवणं ते सुचवणार नाहीत, ऑपरेशन किंवा रेडिएशनचा विचार करा.

दुसरा रिपोर्ट आम्ही बाबांना दाखवलेला नाही. दोन्हीकडे सातच आले एवढं त्यांना सांगितलंय. ते म्हणतात, ‘क्रम बदलला म्हणून बेरीज बदलते का? मग चर्चा कसली चाललीय?’ कोणता रिपोर्ट खरा धरायचा? कॅन्सर नसांत शिरला म्हणजे आता किती दिवस हातात आहेत? मावशी म्हणते, सुई लावली म्हणूनच पसरला. आमची आत्या ४४व्या वर्षी स्तनाच्या कॅन्सरने गेली, तेव्हापासून आमच्या घरात हा शब्द कुणी मोठ्याने उच्चारत नाही. बाबांना सगळं सांगावं का?
एक मुलगी, कोथरूड

उत्तर

तुमचं पत्र आलं त्याच रात्री उत्तर लिहायला बसले, कारण तुमच्या घरातली घालमेल मला ओळखीची आहे. बत्तीस वर्षं मी पुण्यात पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम केलं. पेशंट मला क्वचितच दिसायचा. दिसायचा तो काचेच्या पट्टीवरचा त्याचा इवलासा तुकडा. त्या तुकड्याबद्दल मी लिहिलेल्या दोन ओळी लोकांच्या घरात शिरून काय करतात, हे मला फार उशिरा कळलं. माझ्या सासऱ्यांचा रिपोर्ट दुसऱ्या कुणीतरी लिहिलेला होता, आणि तो मी ओट्यापाशी उभी राहून वाचला. रोज लिहिलेले शब्द होते, तरी मला खुर्ची ओढून बसावं लागलं.

आधी वेळेचं सांगते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल. ग्रेड ग्रुप २ असो की ३, दोन-चार आठवडे घेऊन नीट उलगडा करून घेतल्याने बाबांचं नुकसान होणार नाही. हा आजार वर्षांच्या हिशेबाने चालतो. ब्रिटनमध्ये ‘प्रोटेक्ट’ नावाचा अभ्यास झाला. त्यात १,६४३ पुरुषांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं तीन गटांत वाटलं होतं. एका गटावर लक्ष ठेवलं, एकाचं ऑपरेशन केलं, एकाला रेडिएशन दिलं. पंधरा वर्षांचा हिशेब २०२३ साली प्रसिद्ध झाला. प्रोस्टेटच्या कॅन्सरने गेलेले पुरुष तिन्ही गट मिळून शंभरात तीनसुद्धा नव्हते. यातली दुसरी बाजूही सांगायला हवी. त्यातल्या बहुतेकांचा आजार सुरुवातीला सौम्य प्रतीचा होता, आणि लक्ष ठेवलेल्या गटात अंगात इतरत्र पसरण्याचं प्रमाण बाकी दोन गटांच्या जवळजवळ दुप्पट, शंभरात नऊच्या आसपास होतं. म्हणजे सवड आहे, पण कानाडोळा करण्याइतकी नाही. आणि बाबा सौम्य गटात बसतात की नाही, हे ठरवायलाच तर त्या तुकड्यांची भाषा नीट लावायची आहे.

बायोप्सीची सुई दर वेळी शेवईएवढा जाड आणि सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर लांब तुकडा घेऊन येते. तो फॉर्मॅलिनमध्ये मुरतो, मग मशिनमध्ये त्यातलं पाणी निघून त्याच्या जागी मेण भरतं, आणि मेणाची एक छोटी वडी तयार होते. तिला आम्ही ब्लॉक म्हणतो. त्या वडीचे मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर चारेक मायक्रॉनचे काप काढतात. केसाच्या जाडीचे पंधरा-वीस भाग केले तर त्यातला एक भाग होईल, इतका पातळ काप. कोमट पाण्यावर तो तरंगत असतो, तो अलगद काचेवर उचलून घ्यायचा. रंग चढवला की पेशींची केंद्रकं निळी-जांभळी दिसतात आणि बाकीचं गुलाबी.

आता माझ्या खुर्चीवर बसून त्या काचेकडे पाहा. निरोगी प्रोस्टेट मला नेहमी आपल्या जुन्या पेठांसारखं दिसायचं. एकेक ग्रंथी म्हणजे एकेक वाडा. मध्ये मोकळा चौक, चौकाभोवती पेशींच्या खोल्यांची ओळ, आणि त्या ओळीच्या बाहेरून आणखी एक पातळ भिंत. ही बाहेरची भिंत बेसल पेशींची. कॅन्सर झाला की सर्वांत आधी हीच भिंत नाहीशी होते. शंका असेल तर आम्ही खास रंग लावून ती भिंत शाबूत आहे का, हे तपासतो.

भिंत गेल्यावर पुढचा प्रश्न असतो तो घरं किती मोडली याचा. त्यावरून कॅन्सरच्या तऱ्हांना आकडे देतात, तुमच्या रिपोर्टातले तीन आणि चार ते हेच. तिसऱ्या तऱ्हेत घरं लहान आणि दाटीवाटीने उभी असतात, पण प्रत्येकाचा चौक वेगळा ओळखू येतो, एका घराभोवती बोट फिरवून ‘हे संपलं, आता दुसरं’ असं म्हणता येतं. चौथ्या तऱ्हेत शेजारच्या भिंती एकमेकींत विरघळतात. घरं चिकटतात, चौक अर्धवट राहतात किंवा बुजतात. पाचवीत घर म्हणावं असं काही उरतच नाही, पेशी एकेकट्या किंवा रांगेने, नाहीतर नुसत्या गर्दीने पसरलेल्या असतात. एकेकटी पेशी किती भेसूर दिसते, याचा या आकड्याशी संबंध नाही. रचना किती मोडली एवढंच पाहायचं, आणि तेही बरंचसं भिंग कमी ठेवून, जरा लांबून.

ही पद्धत १९६६ साली मिनिॲपोलिसच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयातले पॅथॉलॉजिस्ट डोनाल्ड ग्लीसन यांनी मांडली. एकाच माणसाच्या गाठीत बहुधा दोन तऱ्हा शेजारी शेजारी नांदतात, आणि दोन्हींची बेरीज केली तर पेशंटचं पुढे काय होतं याच्याशी ती चांगली जुळते, हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणून पहिला आकडा सर्वांत जास्त दिसणाऱ्या तऱ्हेचा आणि दुसरा तिच्या खालोखालचा. बायोप्सीत दुसऱ्या जागी उरलेल्यांतली सर्वांत वाईट तऱ्हा लिहितात. साठ वर्षांत किती यंत्रं आली, किती चाचण्या आल्या, तरी प्रोस्टेटच्या कॅन्सरचं पुढचं सांगायला काचेवरच्या या चित्राइतकं भरवशाचं फार थोडं मिळालंय. मला याचं आजही अप्रूप वाटतं.

बाबांचा प्रश्न इथेच सुटतो. त्यांना विचारा, ३४ आणि ४३ एकच का? अंक तेच, पण स्थानिक किंमत वेगळी. ग्लीसनच्या बेरजेत अधिकचं चिन्ह दिसतं, पण पहिल्या जागेला वजन आहे. ३+४ म्हणजे बहुतेक वस्तीत घरं अजून वेगळी आहेत आणि थोड्या भागात भिंती गेल्यात. ४+३ म्हणजे निम्म्याहून जास्त भागात भिंती गेल्यात. उत्तर सातच येतं आणि सात सांगितल्यावर हा फरक झाकला जातो. हाच घोळ टाळायला पॅथॉलॉजिस्टांनी २०१४ साली शिकागोच्या बैठकीत पाच ग्रेड ग्रुप मान्य केले, आणि २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही ते स्वीकारले. ३+३ म्हणजे ग्रुप १, ३+४ म्हणजे २, ४+३ म्हणजे ३, बेरीज आठ आली तर ४, नऊ किंवा दहा आली तर ५. जुन्या पद्धतीत सर्वांत सौम्य कॅन्सरलाही दहापैकी सहा मिळायचे आणि माणूस घाबरून जायचा, तेही यामुळे थांबलं.

हे गट कागदावरचे नाहीत. अमेरिका आणि युरोपातल्या पाच मोठ्या केंद्रांत ऑपरेशन झालेल्या २०,००० हून अधिक पुरुषांचा हिशेब २०१६ साली छापून आला. ऑपरेशननंतर पाच वर्षांनी पीएसए पुन्हा वर न आलेले पुरुष ग्रुप १ मध्ये शंभरात ९६ होते, ग्रुप २ मध्ये ८८, ग्रुप ३ मध्ये ६३, ग्रुप ४ मध्ये ४८ आणि ग्रुप ५ मध्ये २६. दोन आणि तीन यांच्यामध्ये केवढी मोठी पायरी आहे पाहा. तुमचे युरोलॉजिस्ट दुसरा रिपोर्ट पाहून बदलले ते याच पायरीमुळे, आणि त्यांचं बरोबर आहे.

मात्र हे आकडे वाचताना जपा. पीएसए वर येणं म्हणजे मरण नव्हे. रक्तात खूण पुन्हा दिसली, एवढाच त्याचा अर्थ. त्यानंतर रेडिएशन देता येतं, औषधं देता येतात, आणि पुष्कळ जण त्यानंतरही वर्षानुवर्षं आपली कामं करत राहतात. दुसरं म्हणजे, हे गट संपूर्ण काढलेली प्रोस्टेट ग्रंथी तपासून ठरवलेले होते. बाबांचा गट बारा शेवयांवरून ठरलाय. ग्रंथी अख्खी हातात आली की ग्रेड कधी वर सरकतो, कधी खालीही येतो. आणि तिसरं, ६३ हा शंभर जणांच्या गटाचा आकडा आहे. बाबा एकटे आहेत, ते त्या ६३ मध्ये असतील किंवा उरलेल्या ३७ मध्ये. ‘किती दिवस हातात’ या प्रश्नाला कुठल्याही स्लाइडवर उत्तर नसतं, आणि तुमच्या पत्रातल्या एकाही गोष्टीवरून दिवस मोजायची वेळ आलीय असं मला दिसत नाही.

आता दोन रिपोर्टांचं. कुणी चुकलंच असेल असं धरून चालू नका.

ग्रुप २ आणि ३ यांच्यामधली रेघ पन्नास टक्क्यांवर आहे. चौथी तऱ्हा निम्म्याहून कमी असेल तर दोन, जास्त असेल तर तीन. एकाच्या नजरेला ती पंचेचाळीस टक्के वाटली आणि दुसऱ्याच्या नजरेला पंचावन्न, तर दोघांनी जवळजवळ एकच गोष्ट पाहिली, पण नावं मात्र वेगळी पडली. हे टक्के डोळ्यांच्या अंदाजाने ठरतात, तिथे फूटपट्टी नसते. दुसरं कारण मला तुमच्या बाबतीत जास्त संभवनीय वाटतं. काही लॅब सगळे तुकडे एकत्र धरून एकच स्कोअर देतात, तर काही प्रत्येक तुकड्याचा वेगळा देऊन त्यातला सर्वांत वाईट वर लिहितात. चारपैकी तीन तुकड्यांत ३+४ आणि एकात ४+३ असेल, तर पहिल्या पद्धतीत ग्रुप २ येईल आणि दुसऱ्या पद्धतीत ग्रुप ३. दोघेही आपापल्या जागी बरोबर. दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून एवढं पाहा की तुकड्यांची नावनिशी दिलीय का, डावीकडचा वरचा, मधला, खालचा अशी, आणि प्रत्येकापुढे स्कोअर आहे का.

तिसरं कारण कापाचं आहे. एक दिवस अजून डोळ्यांपुढे आहे. पावसाळा होता, दुपारीच दिवे लावावे लागले होते. एका शिक्षकाच्याच बायोप्सीत मला एका कोपऱ्यात चिकटलेल्या ग्रंथी दिसल्या आणि मी चार लिहिला. माझे ज्येष्ठ सहकारी म्हणाले, मला हे तीनच वाटतंय. आमच्याकडे दोघांना एकाच वेळी पाहता येईल असा दोन तोंडांचा मायक्रोस्कोप होता. तासभर आम्ही समोरासमोर बसून तो कोपरा पाहत होतो, भिंगातला बाण एकेका ग्रंथीवर नेत होतो, आणि एकमत होईना. शेवटी त्यांनी तंत्रज्ञाला सांगितलं, ब्लॉकमध्ये आणखी खोल जा. काप आले. खालच्या थरात त्याच ग्रंथी छान सुट्या झाल्या होत्या, प्रत्येकीला आपला चौक होता. वरचा काप त्यांच्या कडेवरून तिरका गेला होता, म्हणून त्या चिकटल्यासारख्या भासल्या. लाडू कडेने कापला तर आतला बेदाणा दिसत नाही, तसं. मी चारचा तीन केला. तो माणूस त्या दिवशी एका ऑपरेशनपासून वाचला असेल, आणि हे त्याला कधी कळलंही नसेल. उलटही होतं. खोल गेल्यावर तीनचा चार झालेलाही मी पाहिलाय.

म्हणून ‘कोणता खरा’ याचा निकाल तुम्ही, मी किंवा मावसभाऊ लावू शकत नाही. ब्लॉक लावू शकतो. दुसऱ्या लॅबला तुम्ही स्लाइड दिल्या होत्या, ब्लॉक दिला नव्हता, असं तुमच्या पत्रावरून वाटतं. ब्लॉक पहिल्या लॅबमध्येच असेल. अर्ज द्या, सही करून तो आणि सगळ्या स्लाइड परत घ्या. तो बाबांचा आहे, मागायला संकोच करू नका. प्रोस्टेटचं काम रोज करणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे न्या. पुण्यात असे आहेत, तुमच्या युरोलॉजिस्टना नाव विचारा. नाहीतर मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये बाहेरच्या स्लाइड आणि ब्लॉक तपासून देतात. बाबांनी प्रवास करायची गरज नाही, घरातलं कुणीही सकाळच्या डेक्कन क्वीनने घेऊन जाऊ शकतं. स्लाइड त्यांच्या डबीतच ठेवा. ब्लॉक उन्हात उभ्या केलेल्या गाडीत विसरू नका, शेवटी ते मेण आहे. दोन्ही जुने रिपोर्ट सोबत द्या, लपवून परीक्षा घेऊ नका. आणि जमलं तर त्याआधी एक करा. पहिल्या लॅबच्या पॅथॉलॉजिस्टना भेटून दुसरा रिपोर्ट दाखवा. ‘तुमचं चुकलं का’ असं न विचारता ‘एकदा पुन्हा पाहाल का’ असं विचारा. मला असं कुणी विचारलं तर मी कधीच रागावले नाही, माझ्या ओळखीतलं कुणी रागावलेलं मला आठवत नाही.

नव्याने तपासताना तीन गोष्टी स्पष्ट लिहून मागा. चौथी तऱ्हा किती टक्के आहे. कोणत्या तुकड्यात किती मिलिमीटर कॅन्सर आहे. आणि तिसरी, जी तुमच्या पत्रात कुठेच नाही आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती म्हणजे क्रिब्रिफॉर्म तऱ्हा आहे का, आणि कॅन्सर नलिकांच्या आत पसरलेला दिसतोय का, ज्याला इंट्राडक्टल म्हणतात. क्रिब्रिफॉर्म ही चौथ्या तऱ्हेतलीच एक जात. पेशींचा मोठा गोळा, आणि त्यात अनारशाला पडते तशी गोल भोकांची जाळी. चौथ्या तऱ्हेत नुसती चिकटलेली घरं असणं आणि ही जाळी असणं, यात फरक आहे. जाळी असलेले कॅन्सर जास्त उलटतात, असं आता बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. म्हणून जाळी असेल तर ग्रुप २ आला तरी नुसतं लक्ष ठेवायला डॉक्टर सहसा तयार होत नाहीत. उलट जाळी नाही, चौथी तऱ्हा थोडीच आहे, पीएसए दहाच्या आत आणि कॅन्सर निम्म्याहून कमी तुकड्यांत, असं चित्र निघालं, तर तुमच्या डॉक्टरांचा पहिला सल्ला पुन्हा विचारात घेता येईल. बाबांच्या यातल्या शेवटच्या दोन गोष्टी बऱ्या आहेत, एवढं तुमच्या पत्रावरून मला सांगता येतं.

पेरिन्यूरल इन्व्हेजनने तुम्हाला सर्वांत जास्त घाबरवलंय, म्हणून त्याबद्दल स्वच्छ सांगते. प्रोस्टेटच्या आतच बारीक बारीक मज्जातंतू असतात, केसांपेक्षाही बारीक. कॅन्सरच्या पेशी त्यांच्या कडेकडेने सरकताना दिसल्या, की ती ओळ लिहितात. कॅन्सर पाठीच्या कण्यात गेला, मेंदूकडे निघाला, असं त्यात काही नसतं. बायोप्सीत हे बऱ्याचदा सापडतं. गाठ ग्रंथीच्या आवरणाबाहेर डोकावत असण्याची शक्यता यामुळे थोडी वाढते, म्हणून सर्जन ऑपरेशन आखताना ती ओळ ध्यानात घेतात आणि एमआरआय पुन्हा बारकाईने पाहतात. पण ग्रेड आणि पीएसए हिशेबात धरल्यावर या एकट्या ओळीचं वजन फार उरत नाही. आपल्याकडे ‘नस’ म्हटलं की लकवा आणि कणा डोळ्यांपुढे येतो, त्यामुळे हा शब्द जास्त बोचतो.

मावशींना सांगा, सुईने पसरला नाही. जे होतं ते सुईने दाखवलं. ही भीती गावोगाव आहे आणि तिच्यापायी लोक बायोप्सी टाळून वर्षं घालवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

काही डॉक्टर त्याच तुकड्यावर जनुकांची चाचणी सुचवतील. डेसिफर नावाची एक आहे, ती २२ जनुकांची हालचाल पाहून पुढे पसरण्याचा धोका आकड्यात सांगते. ती महाग आहे. ब्लॉक पुन्हा वाचूनही चित्र रेघेवरच राहिलं आणि निर्णय खरंच अडला, तरच तिचा विचार करा. आधी डोळ्यांनी पाहून जे कळतं ते तरी पुरतं कळू द्या.

बाबांना सांगावं का? सांगा. माझ्या मनात याबद्दल शंका नाही. त्यांना अर्धं सांगून तुम्ही त्यांच्यापुढे एक चुकीचं गणित मांडलंय, आणि ते बिचारे आपल्या परीने ते बरोबर सोडवताहेत. ऑपरेशनचे लघवीवर परिणाम होऊ शकतात, रेडिएशनचे आतड्यांवर, आणि दोन्हींचे नवरा-बायकोच्या संबंधांवर. यातलं काय सोसायचं आणि काय नाही, हे ६९ वर्षांच्या शहाण्या माणसाऐवजी त्याच्या मुलीने ठरवू नये. आईंनाही सोबत बसवा. दोन्ही रिपोर्ट त्यांच्या हातात द्या, कागद-पेन्सिल द्या, ३४ आणि ४३ म्हणा. पन्नास टक्क्यांची रेघ आखून दाखवा. माझा अंदाज आहे, तुम्ही जे इतके दिवस जड मनाने वाहताय, ते त्यांच्या हातात गेल्यावर ते तुम्हालाच चार प्रश्न विचारतील, आणि ते प्रश्न चांगले असतील. ते लिहून घ्या आणि डॉक्टरांकडे तेच न्या.

आता तुम्ही ओघात लिहिलेली एक गोष्ट. तुमच्या आत्या ४४व्या वर्षी स्तनाच्या कॅन्सरने गेल्या. आत्या म्हणजे बाबांची सख्खी बहीण असेल, तर हे वाक्य तुमच्या युरोलॉजिस्टना पुढच्या भेटीत सर्वांत आधी सांगा. त्यांनी विचारलं नसेल आणि तुम्ही बोलला नसाल, कारण तुमच्या घरात तो शब्द उच्चारत नाहीत. बीआरसीए २ नावाचं एक जनुक आहे. त्यात जन्मजात बिघाड असला तर बायकांत कमी वयात स्तनाचा किंवा बीजकोशाचा कॅन्सर होऊ शकतो, आणि पुरुषांत प्रोस्टेटचा, तोही जरा आक्रमक जातीचा. हा बिघाड आईकडूनच येतो असा समज आहे, पण तो वडिलांकडूनही तितकाच येतो. रक्ताच्या किंवा लाळेच्या नमुन्यावर त्याची तपासणी होते, आणि ती आधी बाबांची करायची, कारण आजार त्यांना झालाय. बिघाड निघाला तर नुसतं लक्ष ठेवायचं की नाही या निर्णयात तो मोजला जाईल, आणि पुढे कधी लागलीच तर त्यावर चालणारी वेगळी औषधंही आहेत. नाही निघाला तर एक काळजी मिटेल.

यात तुमचाही प्रश्न आहे, हे मी दडवणार नाही. बाबांत बिघाड असेल तर तो तुमच्याकडे आलेला असण्याची शक्यता निम्मी. म्हणून ही तपासणी करण्याआधी जेनेटिक काउन्सेलरशी बोला, आणि भावंडं असतील तर त्यांनाही सोबत न्या. त्या भेटीत तुम्हाला बाबांच्या घराण्याची माहिती विचारतील, कोणाला कोणत्या वयात काय झालं याची. ती आज घरात फक्त बाबांनाच ठाऊक असेल. आत्यांच्या उपचारांचे जुने कागद कुणाकडे जपून ठेवलेले आहेत का, तेही त्यांनाच विचारा. आत्यांच्या बायोप्सीचा रिपोर्ट सापडला तर त्याची झेरॉक्स फायलीत सर्वांत वर लावा.